कॉफीच्या डब्यातली माणसं

गल्ल्याखाली कॉफीचा पत्र्याचा डबा आहे.
त्यात एकशे बारा माणसं राहतात,
सगळी एकवीस वर्षांची,
काहीजण तर गेली नऊ वर्षं एकवीसचीच.

मी व्हर्ना. डुलुथमधल्या या बारच्या दारावर
गुरुवार ते शनिवार उभी असते,
टॉर्च घेऊन, मोज्यांवर मोजे चढवून.
सरोवरावरून येणारा वारा कुणाचं वय विचारत नाही.

कार्ड पुढे आलं की मी आधी अंगठा बघते.
खरंवाला कार्ड कसंही धरतो.
खोटंवाला, अंडं धरल्यासारखं.

हे वरचं ऱ्होड आयलंडचं.
राज्याच्या नावातलं एक अक्षर गळालंय.
दीडशे डॉलर घेऊन अक्षर गाळणारा तो विक्रेता
त्यातल्या त्यात सज्जन म्हणायचा,
काहीतरी पाठवलं तरी त्यानं.

मारिटला सांगितलं होतं, चहाच्या खोक्यात लपवून येईल.
खोकं आलं. आत चहाच होता.
बरा होता, म्हणाली. आईला दिला.

एकानं आधी जकात मागितली,
मग विमा, मग 'ही शेवटचीच' फी,
आणि शेवटच्या फीनंतरची एक.
भेटकार्डांचे आकडे खरवडून खरवडून
पोराच्या नखांत चांदी साचली होती.

आणि ते त्रिकूट!
पहिला पैसे घेऊन पसार.
दुसरा म्हणतो, पहिल्यापासून सावध राहा, माझ्याकडे या.
तिसरा म्हणतो, दोघांनी बुडवलेले मी काढून देतो,
थोडे आगाऊ द्या.
'विश्वास' हा शब्द तिघंही चुकीचा लिहितात,
अगदी एकाच जागी चुकीचा.

लेलंड टुओमिनेन मात्र चोर नव्हता.
वसतिगृहातल्या बाराजणांचे पैसे गोळा केले,
घाऊक भाव मिळेल म्हणून.
वरच्यानं हातावर तुरी दिल्या.
आता तो पिझ्झाच्या भट्टीपाशी उभा राहून
बाराजणांना हप्त्यानं फेडतोय.
दोघं अजून त्याच्याशी बोलत नाहीत.

पोलिसांत जा, असं कुणाला सांगणार?
तोंड दाबून बुक्क्यांचा मार.
तक्रारीचा पहिलाच रकाना विचारतो
आपण काय विकत घेत होता.

फेब्रुवारीत केल्टन आला. बाहेरच थांबला.
टोपीवर बर्फ, हातात काही नाही.
आत नाही यायचं, म्हणाला,
फक्त विचारायचंय,
माझा चेहरा आलाय का इकडे?

मला आधी कळेना.
मग सांगितलं त्यानं, थांबत थांबत:
पांढऱ्या भिंतीसमोरचा फोटो दिला,
सही दिली, उंची, डोळ्यांचा रंग,
घराचा पत्ता, हिबिंगचा, जिथे वडील चर्चमध्ये प्रवचन देतात.
कार्ड आलंच नाही. निरोप आला,
आणखी चारशे दे,
नाहीतर हे सगळं वडिलांना पाठवतो.

खोटं मिळवायला केवढं खरं द्यावं लागतं.
आणि देणाऱ्याला घेणाऱ्याचं काय ठाऊक?
एक टोपणनाव आणि पोपटाचं चित्र.

मी डबा त्याच्यासमोर उपडा केला.
टॉर्चच्या उजेडात त्यानं एकेक माणूस पाहिला,
शवागारात ओळख पटवायला आल्यासारखा.
नाही, म्हणाला. आणि जाताना,
नऊ नोव्हेंबरला मी खराच एकवीसचा होणार आहे.
एवढंच थांबायचं होतं ना मला?
मी काही बोलले नाही.
मागे चौघं रांगेत कुडकुडत होते.

एप्रिलमध्ये बर्फ फुटलं, धातूची जहाजं सुटली,
आणि एका दाढीवाल्यानं कार्ड पुढे केलं.
चेहरा त्याचाच. पण नाव केल्टनचं,
पत्ता हिबिंगचा, सही थरथरती, एकोणीस वर्षांची.
नऊ नोव्हेंबर. साल तेवढं वेगळं.

ते मी डब्यात टाकलेलं नाही.
कोटाच्या आतल्या खिशात आहे,
शिवणीपाशी टोचतं.
टाकायचं कुठे? एकशे तेरावा म्हणून
त्याला त्या गर्दीत कसा ढकलू?

नोव्हेंबरात तो येईल किंवा नाही येणार.
आला तर ओळखेन मी त्याला, टोपीवरूनसुद्धा.
तरीही नेमाप्रमाणे हात पुढे करून म्हणावंच लागेल,
कार्ड दाखव, बाळा.